दोघी जावांची हाडं

परकर जमिनीला लागायला लागला तेव्हा मी नाडी जरा वर बांधली. पुढच्या वर्षी शिंप्याकडून खालची पट्टी आत घेतली. आपली उंची कमी झाली असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. शाळेत पस्तीस वर्षं मुलांची उंची भिंतीवरच्या पट्टीशी उभं करून मोजली, वजनं लिहिली, तक्ते भरले. स्वतः त्या पट्टीशी कधी उभी राहिले नाही.

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी पहाटे आलं. भरलेला हंडा उचलून ओट्यावर ठेवताना पाठीत काहीतरी दबल्यासारखं झालं आणि मी तिथेच खाली बसले. श्वास घ्यायलाही दुखत होतं. गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे फोटो न काढताच ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून सांगितलं, पट्टा दिला, दुखणं थांबायची सुई दिली. असे तीन महिने गेले. सुई दिली की दोन दिवस बरं, परत तेच. शेवटी मुलगा जळगावला घेऊन गेला. तिथे पाठीचा एक्स-रे झाला आणि डॉक्टरीण बाईंनी तो उजेडाच्या पाटीवर लावून बोट ठेवलं. सगळे मणके विटांसारखे चौकोनी, आणि एकच पुढून दबून पाचरीसारखा झालेला. डी-बारा नंबरचा. ‘हा मोडलाय, बाई. गॅप नाही,’ त्या म्हणाल्या.

मला आईची आठवण झाली. शेवटची दहा वर्षं ती वाकूनच चालायची. वर बघायचं असलं तर मान तिरकी करायची. पाठ दुखते म्हणाली की घरातलं कोणीतरी म्हणायचं, ‘म्हातारपन शे, माय.’ मीही म्हटलंय. तिचे किती मणके मोडले असतील, कुठल्या दिवशी मोडले असतील, ते कुठेच लिहिलेलं नाही.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी जळगावातच झाली. त्याआधी दोन वर्षांपूर्वी एका मोफत शिबिरात माझी टाच एका यंत्रात ठेवून ‘हाडं जरा कमजोर’ म्हणून चिठ्ठी दिली होती आणि शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा विकत घ्यायला लावला होता. त्या टाचेच्या यंत्राचा आकडा आणि डेक्साचा आकडा यांची गल्लत करू नका, हे मी आता भेटेल त्या बाईला सांगते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ठरवायची जी पट्टी जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखली, ती कंबर आणि मांडीच्या डेक्साला लागू होते, टाचेला नाही. डेक्सात आपण कोचावर उताणं पडायचं, पाय एका ठोकळ्यावर ठेवायचे, आणि एक दांडा अंगावरून सावकाश सरकत जातो. दुखत नाही, घुसमटत नाही. एक्स-रेचा मारा अगदी नगण्य. पंधरा मिनिटांत हातात कागद आला: कमरेच्या चार मणक्यांचा टी-स्कोअर वजा 3.5.

उणे अडीच किंवा त्याहून खाली म्हणजे आजार. मला एक प्रश्न पडला आणि मी विचारलाच. शिक्षकीपेशाची खोड आहे ती. हा उणे कोणापेक्षा उणे?

डॉक्टरीण बाईंनी प्रश्न टाळला नाही. तरुण, निरोगी बाईच्या हाडाशी तुलना करतात, म्हणाल्या. मांडीच्या हाडासाठी जगभर जो मापदंड वापरतात, तो अमेरिकेतल्या 20 ते 29 वयाच्या गोऱ्या मुलींच्या मोजणीतून आलाय. आपल्याकडच्या बायकांची चण बारीक, हाडं लहान. डेक्सा हाडाची जाडी बघत नाही, समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आकडा काढतं, म्हणून लहान हाड असलं की आकडा थोडा कमीच येतो. ‘पण तुमचा मणका मोडलाय. आता आकडा काहीही असो, आजार आहेच,’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून: ‘आपल्या बायकांच्या हाडांचा अभ्यास आपल्याच बायकांवर व्हायला हवा, बाई. तसा एक इथे सुरू होतोय.’

असा माझा त्या संशोधनात प्रवेश झाला. पण ‘हो’ म्हणायला मला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस नीट सांगायला हवेत.

औषधाचं नाव टेरिपॅराटाइड. आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. कॅल्शियम कमी पडलं की त्यांचं हार्मोन हाडांच्या कोठारातून ते काढून आणतं. त्या हार्मोनच्या 84 कड्यांच्या साखळीतल्या पहिल्या 34 कड्या प्रयोगशाळेत बनवल्या की हे औषध होतं. रोज 20 मायक्रोग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, आपल्या हाताने. हाडांची झीज थांबवणारी औषधं बरीच आहेत. हे नवं हाड घालणारं आहे. 2001 साली त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच मणका मोडलेल्या 1,637 बायका त्यात होत्या, आणि हे औषध घेणाऱ्यांमध्ये नवे मणके मोडण्याचं प्रमाण 65 टक्क्यांनी कमी झालं. त्या बायकांचा मी फार विचार केला. माझ्यासारख्याच पाळी गेलेल्या, पाठीत पाचर घेऊन फिरणाऱ्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या. त्यांनी तेव्हा रोज स्वतःला टोचून घेतलं म्हणून आज मला कोणी छातीठोकपणे सांगू शकतं की हे औषध चालतं.

इथला अभ्यास वेगळा होता. मूळ परदेशी कंपनीचं औषध महाग. तेच आपल्या देशातल्या एका कंपनीने बनवलेलं. दोन्ही सारखंच काम करतात का, ते बघायचं. निम्म्या बायकांना एक, निम्म्यांना दुसरं, कोणाला कुठलं ते बायकांना सांगायचं नाही. सहा महिने. खोटं औषध कोणालाच नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं.

संमतीपत्र मराठीत होतं, पण असं मराठी की मी शिक्षिका असून अडखळले. ‘यादृच्छिकीकरण’ असा एक शब्द होता. अभ्यासाचं रोजचं काम बघणाऱ्या को-ऑर्डिनेटर मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘काकू, कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो.’ मग तसंच लिहा की! मी पेन्सिलीने सगळे अवघड शब्द अधोरेखित केले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीने एकेक करून समजावले. घाई केली नाही. कागद घरी न्या, घरच्यांना दाखवा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, असं तिनेच सांगितलं. कुठल्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडणार नाही, हे ती तीनदा म्हणाली. भाचीने मोबाइलवर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तो अभ्यास शोधून दाखवला. 2009 च्या जूनपासून औषधांचा असा प्रत्येक अभ्यास सुरू होण्याआधी तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. नोंद होती. मला धीर आला.

पण दोन ठिकाणी मी थबकले. एक म्हणजे उंदीर. कागदात स्पष्ट लिहिलं होतं की उंदरांना हे औषध भरपूर मात्रेत, आयुष्यभर दिल्यावर त्यांना हाडाचा कर्करोग झाला. त्या कारणानेच 2001 चा तो अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवला होता. ते वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी जळगावला फोन केला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की अमेरिकेत या औषधाच्या डब्यावर त्याबद्दलचा मोठा इशारा होता. 2002 पासून इतक्या माणसांनी औषध घेतलं, त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तसा कर्करोग वाढलेला दिसला नाही, म्हणून 2020 साली तो इशारा काढला. ‘पण कागदातून आम्ही काढलं नाही. तुम्हाला कळायलाच हवं.’ हे वाक्य ऐकून माझं मन वळलं. लपवलं असतं आणि मागाहून मला दुसरीकडून कळलं असतं, तर मी कधीच गेले नसते.

दुसरी जागा शेवटच्या पानावर. वारसाचं नाव, नातं, पत्ता. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, आणि जीवच गेला तर ती भरपाई कोणाला द्यायची, त्याचा तो रकाना. 2019 च्या नियमांप्रमाणे तो ठेवावाच लागतो. आमचे हे शेजारी बसले होते. त्यांचं नाव मी लिहिलं, नातं ‘पती’ लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं. हे उठून बाहेर गेले. चहा सांगायला गेलो होतो, म्हणाले. चहा काही आला नाही.

आता धाकट्या जावेचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, पारोळ्याजवळच्या खेड्यात शेतावर राहते. कापूस, थोडी ज्वारी. तिला तीनदा मुतखडे झाले, दोनदा ऑपरेशन झालं. मागच्या पोळ्याला अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. सतत थकलेली, पोट साफ नाही, चिडचिड. घरात सगळे म्हणायचे, स्वभावच तसा आहे. मी जळगावला निघाले तेव्हा ‘ताई, मी भी येस’ म्हणून सोबत आली. तिचंही डेक्सा केलं, तर तिचाही आकडा खूप खाली. तिलाही अभ्यासात घेता येईल का, म्हणून तिचे कागद सुरू झाले.

तिला वाचायला जेमतेम येतं. अशा वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार समोर बसवून सगळा कागद वाचून दाखवावा लागतो. दवाखान्यातल्या एका नर्सबाईचं माहेर तिच्याच भागातलं. त्यांनी तो अख्खा कागद अहिराणीत सांगितला. माझी जाऊ डॉक्टरांसमोर कधी प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी तिने अकरा प्रश्न विचारले. मी मोजले. अभ्यास करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: खान्देशात याल तेव्हा कागद छापील मराठीत असू द्या, पण तो समजावणारं माणूस घरच्या बोलीतलं आणा.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. दोघींचं ड जीवनसत्त्व कमी निघालं, माझं 14 आणि तिचं 9; वीसच्या खाली म्हणजे कमतरता. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या मुलखात हे कसं? पण बघा, आपण उन्हाला घाबरूनच जगतो. दुपारी दारं-खिडक्या बंद. पोरी गाडीवर डोळे सोडून सगळं स्कार्फने बांधून. शेतातली बाई फडकी, सदरा, डोक्यावर पदर अशी झाकलेली. ज्या मधल्या वेळेच्या उन्हात कातडी ड जीवनसत्त्व बनवते, त्याच वेळी आपण सावली शोधतो, आणि आपल्या सावळ्या कातडीला त्यासाठी ऊन जास्त लागतं. मला साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला एक, अशा आठ दिल्या. ती कमतरता भरून निघाल्याशिवाय अभ्यासात घेत नव्हते.

जावेला घेतलंच नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला की तिला परत पाठवा, उपाशीपोटी. परत रक्त घेतलं. कॅल्शियम 11.6. साडेदहाच्या वर असू नये. पॅराथायरॉइड हार्मोन 65 पर्यंत असावं, ते 312. डॉक्टरीण बाईंनी तिला समोर बसवलं आणि गळ्याला हात लावून दाखवलं की इथल्या चारांपैकी एका ग्रंथीत गाठ असावी. ती थांबतच नाही. रात्रंदिवस हार्मोन सोडते, हार्मोन हाडांतून कॅल्शियम उपसतं, रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि ते मूत्रपिंडात साठून खडे होतात. मुतखडा, मोडलेलं मनगट, थकवा, पोट, चिडचिड, सगळ्याचं मूळ एकच. तिच्या हाताचंही डेक्सा काढलं होतं. तिथला आकडा सगळ्यांत वाईट होता. या आजारात हाताच्या कडक हाडावर घाव जास्त बसतो.

तीन मुतखडे झाले, दोन ऑपरेशनं झाली, आणि एकदाही कोणी तिच्या रक्तातलं कॅल्शियम बघितलं नव्हतं. एका रक्तवाहिनीत एक सुई, इतकंच काम होतं. मला त्या वेळी राग आला आणि आजही येतो. जाऊ मात्र रडली नाही. म्हणाली, ‘आते काय करानं, ताई?’

मला वेगळाच प्रश्न पडला होता. जे हार्मोन हिची हाडं खातंय, त्याचाच तुकडा मला रोज टोचायचा? मग माझी हाडं वाढणार कशी?

डॉक्टरीण बाई यावल तालुक्यातल्या. घरी केळीची शेती. त्या म्हणाल्या, ‘बाई, केळीला पाणी लागतं की नाही? लागतं. पण काळ्या जमिनीत बुंध्याशी रात्रंदिवस पाणी तुंबलं तर काय होईल?’ मी म्हटलं, मुळं सडतील. ‘आणि पाणी देऊन जमिनीला वाफसा आला, म्हणजे पाणी निथळून नुसती ओल राहिली, मग परत पाणी दिलं तर?’ मुळं धावतील. ‘तेच. जावेच्या हाडात हार्मोनचं पाणी तुंबलंय. तुम्हाला रोज एकदा द्यायचं, ते दोन-चार तासांत निघून जातं, मग वाफसा. त्या मोकळ्या वेळात हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात.’

एकच हार्मोन. दोघी जावा. ते ऐकल्यावर मला औषधाची भीती उरली नाही. वाफसा काय असतो, ते आमच्याकडे कोणाला समजवावं लागत नाही.

जावेचं पुढे नाशिकला झालं. एक औषध टोचून गळ्याचा स्कॅन काढला, त्यात डावीकडची खालची ग्रंथी उजळून दिसली. ऑपरेशनमध्ये चिंचोक्याएवढी गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, हात वाकडा होऊन आखडला. आम्ही घाबरलो. पण तिथल्यांना ते अपेक्षितच होतं. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं आता भुकेल्यासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. सलाइनमधून कॅल्शियम दिलं, मग गोळ्या. तीन आठवडे ती ताटात गोळ्या मांडून बसायची, मोजून खायची.

माझं पहिलं इंजेक्शन फेब्रुवारीत, दवाखान्यातच. पलंगावर झोपवून रक्तदाब, उभं करून रक्तदाब. पहिल्या दिवसांत चक्कर येऊ शकते म्हणून तीन-चार तास बसवून ठेवलं. थोडं हलकं वाटलं, बाकी काही नाही. रक्ताच्या तपासणीला मात्र सकाळी उपाशीपोटी पोहोचावं लागे, कारण हाड किती झिजतं हे दाखवणारा सीटीएक्स नावाचा घटक जेवल्यावर खाली जातो आणि आकडा बिघडतो. अमळनेरहून सकाळची गाडी वेळेवर आली तर ठीक, म्हणून मी आदल्या रात्रीच मामेबहिणीकडे पिंप्राळ्याला मुक्कामाला जायचे. प्रवासखर्च ते द्यायचे, पावती घेऊन.

घरी रोज रात्री साडेनऊला. फ्रीजमधून इंजेक्शनचं पेन काढायचं, नवी सुई लावायची, पोटाची कातडी चिमटीत धरायची, टोचायचं, बटण दाबून पाचपर्यंत मोजायचं, सुई काढून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, पेन परत फ्रीजमध्ये. एक पेन अठ्ठावीस दिवस. औषध उरलं तरी एकोणतिसाव्या दिवशी वापरायचं नाही. रोज डायरीत वेळ, जागा, आणि काय वाटलं ते. मी लिहायचे: डावीकडे, 9.32, रात्री पोटऱ्यांत गोळे आले. किंवा: उजवीकडे, 9.40, काही नाही. पोटऱ्यांतले गोळे मी आधी लिहीत नव्हते, एवढं काय त्यात! को-ऑर्डिनेटर मुलीला बोलता बोलता सांगितलं तर तिने ताबडतोब फॉर्म काढला. कधीपासून, किती वेळ, कुठल्या पायात. माझ्या पोटऱ्यांची इतकी चौकशी आयुष्यात कोणी केली नव्हती. आईच्या पाठीची अशी कोणी केली असती तर, हे त्या फॉर्मकडे बघताना मनात आलं आणि गेलं नाही.

मग जूनमधलं वादळ.

संध्याकाळी पाच वाजता आभाळ पिवळं झालं आणि अर्ध्या तासात सगळं उलटंपालटं. तापीकाठच्या कितीतरी केळीबागा आडव्या झाल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी पेपरात होत्या. आमच्याकडे विजेचे खांब पडले. वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फ्रीजमध्ये त्यांनी दिलेला छोटा तापमापक होता. पेनं दोन ते आठ अंशांत राहायला हवीत. रात्री दहाला बघितलं तर बारा. मी पेनं भिजल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माठाशेजारी बावीस. शेजाऱ्यांकडे बर्फ नाही, दुकानं बंद. बर्फाला नुसतं चिकटवलं असतं तरी चाललं नसतं, गोठलेलं पेनही बाद.

दुपारी वीज आली, फ्रीज थंड झाला, काटा परत पाचावर. पेनं दिसायला होती तशीच, आतलं पाणी स्वच्छ. मुलगा म्हणाला, ‘आई, कोण बघणारे? टाक परत फ्रीजमध्ये.’ तो वाईट बोलला नाही, माझी धावपळ वाचावी म्हणून बोलला. दोन मिनिटं मलाही ते पटलं. दोन पेनं, इतकी महाग, आणि ‘बाईंनी पेनं खराब केली’ असं माझ्या नावावर लागेल, हीसुद्धा लाज होतीच.

पण मग मनात आलं की त्या बिघडलेल्या पेनाने माझं हाड वाढलं नाही, तर आकडा त्या औषधाच्या नावावर लागेल. औषध चांगलं असूनही कमी दिसेल. किंवा मूळ औषध असेल तर ते कमी आणि आपल्या देशातलं सरस दिसेल. दोन्ही खोटंच. नंतर कुठल्यातरी गावातली माझ्यासारखी बाई त्या आकड्यावर भरवसा ठेवेल. पस्तीस वर्षं मुलांना गणिताच्या वहीत खाडाखोड करू नका म्हणून सांगितलं होतं. मी फोन केला.

को-ऑर्डिनेटर मुलगी रागावली नाही. तापमान किती, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लिहून घेतलं. ती पेनं वापरू नका, फेकूही नका, परत आणा. तिसऱ्या दिवशी बर्फाच्या पेटीत नवी पेनं घेऊन मी घरी आले. मधली तीन इंजेक्शनं चुकली. डायरीत तीन ओळी: ‘घेतलं नाही. वीज नव्हती.’ त्या तीन ओळी त्यांच्या नोंदीत वेगळ्या कागदावर, कारणासह, सहीसह गेल्या. पुढे एका तपासणीला त्या कंपनीकडून आलेल्या माणसाने माझी डायरी पान न् पान दवाखान्याच्या कागदांशी ताडून पाहिली, रिकामी पेनं मोजली, सुयांचा डबासुद्धा. मी बाहेर बाकावर बसून दारातून बघत होते.

ऑगस्टमध्ये, कानबाईच्या सणाच्या थोडं आधी, शेवटचं डेक्सा झालं. त्याच यंत्रावर, पाय त्याच ठोकळ्यावर. सुरुवातीला कमरेच्या मणक्यांची घनता होती दर चौरस सेंटिमीटरला 0.662 ग्रॅम, आता 0.695. टी-स्कोअर वजा 3.5 वरून वजा 3.2. डॉक्टरीण बाईंनी लगेच सांगितलं की हुरळून जाऊ नका. औषध बंद केलं की कमावलेलं हाड हळूहळू जातं. हे सगळं मिळून दोन वर्षांपर्यंत घ्या, आणि ते संपलं की लगेच झीज थांबवणारं दुसरं औषध सुरू करावं लागेल. पुढची पेनं मी पदरचे पैसे घालून घेतली, इथे बनलेली. दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दिलं. पहिल्या खेपेला दोन दिवस ताप आला, अंग ठणकलं. ते होतं, घाबरायचं नाही.

खाण्यात फार मोठं काही केलं नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आपल्या देशाच्या 2020 च्या शिफारशीत आहे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन ते भरत नाही, हे कागदावर मांडल्यावर कळलं. आता दोन वेळा दूध, एक वाटी दही, आणि नंदुरबारकडून येणारी नागली, म्हणजे नाचणी. तिच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उरलेलं गोळीतून. भरीत सोडलेलं नाही.

मला सहा महिने कुठलं पेन मिळालं, ते अजून सांगितलेलं नाही. सगळ्या ठिकाणच्या बायकांचे आकडे गोळा होऊन कुलूपबंद होईपर्यंत सांगत नाहीत. संमतीपत्राची माझी प्रत, पेन्सिलीच्या खुणांसकट, कपाटात आहे.

डायरीची त्यांनी दिलेली पानं संपली तेव्हा मी शाळेची उरलेली एक दोनशे पानी वही काढली. मधोमध रेघ मारली. डावीकडे मी, उजवीकडे जाऊ. ती दर रविवारी फोन करते आणि सांगते, मी लिहिते. गेल्या रविवारचं तिच्या बाजूला आहे: कॅल्शियम 9.4. कापूस वेचायला दोन तास गेली. मनगट दुखलं नाही. रात्री झोप लागली.